कुलपातला टॉवेल

महाल, नागपूर
भाद्रपद वद्य पंचमी

तीर्थस्वरूप यमुताईस, धाकट्या दत्तूचा वाकून नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे येईलच. तुझे गुडघे कसे आहेत? पावसाळ्यात ते हवेने धरतात की तू गडाच्या पायऱ्या चढतेस म्हणून धरतात, याचा एकदा नीट तपास कर. सुशीलने आणून दिलेलं तेल चोळतेस ना? (तुझा मुलगा सज्जन आहे, पण त्या बाटलीचं झाकण मागच्या वेळी मला आधीच उघडल्यासारखं वाटलं होतं. तेव्हा बोललो नाही.) तुमच्याकडचं धान यंदा बरं आहे असं ऐकतो. माकडांनी चष्मा पळवला होता तो परत मिळाला का, हेही कळव. माकडंच होती याची खात्री करून घेतली आहेस असं मी धरून चालतो.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलो की अस्मिता, म्हणजे आमची सूनबाई, नेमकी त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालायला येते. गेल्या महिन्यात मी तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा घड्या. एवढे कपडे या घरात नाहीत. म्हणून हे पत्र. पाकीट डिंकाने चिकटवून वर चिकटपट्टी लावणार आहे आणि तोंडावर तीन ठिकाणी सही करणार आहे. सही मोडलेली दिसली तर वाचण्याआधी मला कळव. आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी चाळीस वर्षं दाढी-कटिंगचं दुकान मांडून बसलेला देवाजी, तो कामिनीला (त्याची लेक रामटेकला दिलेली आहे, ती) भेटायला आला की तुझ्याकडे डोकावतो, हे मला माहीत आहे. त्याच्या नजरेस हे पत्र मुळीच पडता कामा नये. का, ते आता सविस्तर सांगतो.

श्रावणाच्या मध्यावर माझ्या उजव्या जबड्याखाली एक फोड आला. मुगाच्या दाण्याएवढा. आई त्याला केसतूड म्हणायची आणि अळशीचं पोटीस बांधायची, हे तुला आठवत असेल. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, पण तुझ्याशी खोटं बोलत नाही: मी त्याला सुईने टोचलं. सुई स्वच्छ होती (धोतराला पुसली होती). दोन दिवसांत मुगाचं बोर झालं, भोवती लाल झालं, मान वळेना. मग मी कपाट धुंडाळलं. गेल्या वर्षी दाढेसाठी दिलेल्या गोळ्यांतल्या चार शिल्लक होत्या. (शिल्लक होत्या याचं कारण, दाढ तीन दिवसांत थांबली. मग उरलेल्या गोळ्या डॉक्टरने कोणासाठी लिहून दिल्या होत्या, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता.) त्या चार घेतल्या. फोडावर त्यांचा काडीचाही परिणाम झाला नाही, तेव्हा गोळ्या बनावट असाव्यात असं माझं मत झालं आणि मी पुढच्या तपासाकडे वळलो. तपास म्हणजे, हे आलं कोणाकडून.

आता तुला माझी पेटी माहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी एके सकाळी देवाजीच्या दुकानात शिरलो तर माझा टॉवेल एका परक्या माणसाच्या गळ्यात. देवाजी म्हणाला तो माझा नव्हे, तसाच दुसरा. तसाच दुसरा! मी नगर भूमापन कार्यालयात चौतीस वर्षं काढली आहेत. तिथे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या दोन हात जागेत भिंत घालतो आणि मोजणीला गेलं की भिंत तशीच दुसरी होती म्हणतो. त्या दिवशी मी पत्र्याचा डबा घेतला, त्यात माझा टॉवेल, माझा ब्रश, माझा साबण, माझा वस्तरा आणि नाकातले केस उपटायचा छोटा चिमटा ठेवला, पितळी कुलूप लावलं आणि तो डबा देवाजीच्या फळीवर ठेवला. किल्ली माझ्या जानव्याला. रोज सकाळी मी जायचो, कुलूप काढायचो, त्याने माझी दाढी करायची, मी सगळं परत आत ठेवून कुलूप लावायचो. ब्लेडही माझंच. ते रोज बदलू नये असा माझा हुकूम होता, कारण बदललेलं ब्लेड नवंच आहे याची शहानिशा रोज कोण करणार? एकच ब्लेड, माझ्या डोळ्यांसमोर, पंधरा-पंधरा दिवस. देवाजी कुरकुरायचा, पण गिऱ्हाईक जुनं म्हणून ऐकायचा. एवढा बंदोबस्त असताना रोग मला होतोच कसा, हे तू सांग.

तर मान वाकडी करून मी त्या दिवशी खुर्चीत बसलो. देवाजीने हनुवटी वर केली, फोड पाहिला आणि हातातला ब्रश खाली ठेवला. म्हणाला, "पंत, याले आता वस्तरा नाही लावत मी. तुम्ही बी हात लावू नका. डॉक्टरले दाखवा." ताई, चाळीस वर्षांत त्याने मला नाही म्हटलेलं नव्हतं. त्याच क्षणी माझ्या डोक्यात घंटा वाजली. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस मागे का सरतो? आणि फोड पाहिल्याबरोबर एवढ्या खात्रीने डॉक्टरकडे जा म्हणतो, म्हणजे असे फोड त्याने आधी पाहिले असणार, कुठे पाहिले? कोणाच्या गळ्यावर? आणि माझ्या कुलपाची दुसरी किल्ली त्याने करून घेतली नसेल कशावरून? मी सामान डब्यात घातलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि घरी आलो.

यापुढचं लिहायला हात जड होतो, पण लिहितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, तू विसरली नसशीलच. गावाची रोगराई घेऊन जा म्हणून लोक त्या बाईच्या पुतळ्याला ओरडून निरोप देतात आणि तिच्यासोबत बडगे निघतात, ज्याच्यावर लोकांचा राग त्याचा पुतळा. आपल्या गल्लीच्या मंडळाच्या बडग्याच्या पाट्या गेली वीस वर्षं मीच लिहितो, कारण अक्षर. यंदा मंडळाचं घोडं विषयावर अडलं होतं. कोणी रस्त्यातले खड्डे म्हणे, कोणी मोबाईल म्हणे. मी विषय सुचवला. बडग्याच्या गळ्यात कागदी कात्र्यांची माळ घातली आणि डाव्या खांद्यावर चौकड्याचा पंचा टाकला. देवाजी पंचा डाव्या खांद्यावर टाकतो. पाटीवर मी लिहिलं, 'फणी-वस्तऱ्यातून घरोघरी रोग वाटणारा, घेऊन जा गं याला'. नाव लिहिलं नाही. मी कायद्याने वागणारा माणूस आहे.

मिरवणूक दुकानासमोरून गेली तेव्हा देवाजी दरसालप्रमाणे पायरीवर हात जोडून उभा होता. मारबतीला त्याने नमस्कार केला. मग आमचा बडग्या आला. लोक त्याच्याकडे पाहून हसले, तोही आधी हसला, आणि मग त्याने पाटी वाचली. तुला एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच्या दुकानातली 'दाढी, कटिंग, मालिश' ही पाटी माझ्याच हातची आहे, त्याच्या लग्नाच्या वर्षी मी लिहून दिली होती. माझा 'ल' खाली वळसा घेतो, तसा गावात कोणाचा वळसा घेत नाही. त्याने एकदा बडग्याच्या पाटीकडे पाहिलं, एकदा वळून स्वतःच्या पाटीकडे पाहिलं, आणि आत जाऊन शटर ओढून घेतलं. मी समोरच्या ओट्यावर उभा होतो. मला वाटलं, बघा, लपला.

दुसऱ्या दिवशी अस्मिता भाजी घेऊन आली तेव्हा तिच्या पिशवीत माझा डबा होता. देवाजीने तिला दुकानासमोर थांबवून दिला म्हणे, आणि म्हणाला, "पंतांची अमानत हाय वं सूनबाई. कुलूप तसंच हाय म्हणून सांगजो." एवढंच. डबा टेबलावर ठेवून ती भाजी निवडायला बसली. मी कुलूप तपासलं. तसंच होतं.

त्याच दुपारी ताप भरला. गळ्यावरचं बोर लिंबाएवढं झालं होतं आणि गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. केयूर (तुझा भाचा) कामावर होता, म्हणून अस्मिताच मला रिक्षात घालून डॉक्टर गार्गीकडे घेऊन गेली. या डॉक्टरीणबाई तिशीच्या आहेत, नखं कापलेली, बोलणं मोजकं. एवढ्या तरुण डॉक्टरकडे एवढी गर्दी का, हे मला जरा खटकलंच. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, पू साठला आहे, आधी चिरा देऊन तो काढावा लागेल. तो आत कोंडलेला असताना नुसत्या गोळ्या उपयोगाच्या नाहीत. जागा बधिर केली, चिरा दिला. काय निघालं ते तू जेवणाच्या आधी हे वाचत असशील तर नको. पू तपासायला पाठवायचा होता. नळ्या बदलतात हे मी ऐकून आहे, म्हणून मी त्या नळीवर माझी सही केली. मग त्यांनी कापसाची काडी माझ्या नाकात फिरवली. गळू गळ्याला आणि तपासणी नाकाची, हे कुठलं शास्त्र? मी त्याही नळीवर सही केली.

तीन दिवसांनी अहवाल आला. दोन्ही नळ्यांत एकच जंतू. स्टॅफिलोकोकस असं त्याचं नाव. नाव ऐकून मी म्हटलं, हा आपल्याकडचा नव्हे, कुठून आला ते तुम्ही लिहून द्या, पुढचं मी बघतो. तर त्या शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, तो कुठूनही आला नाही. तो तुमचाच आहे." ताई, मी खुर्चीतून उठलो होतो. दोन वेळा आंघोळ करणारा माणूस मी! त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, असे जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात, त्यांच्याही आहेत, आणि हा जो आहे तो तर तिघांतल्या एकाच्या नाकात मुक्कामाला असतो. कातडी धड आहे तोवर काही करत नाही. खरचटलं, कापलं, टोचलं की आत शिरतो आणि मग असा प्रताप. अहवालात औषधांची यादी होती, कोणाला हा जंतू दबतो आणि कोणाला जुमानत नाही याची. माझ्या दाढेच्या गोळ्या जुमानत नाही त्या रकान्यात होत्या. म्हणजे बनावट नव्हत्या. अर्धवट गोळ्या घ्यायच्या आणि उरलेल्या दुसऱ्या दुखण्याला वापरायच्या, या सवयीबद्दल त्या बरंच बोलल्या, ते मी इथे देत नाही.

नळ्या बदलल्या असं म्हणायला जागा नव्हती. दोन्हींवर माझीच सही.

तरी मी शेवटचा मुद्दा मांडला. माझं सामान कुलपात असतं, असं मी सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, डबा आणा. अस्मिता जाऊन घेऊन आली. मी जानव्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, झाकण वर केलं. बाहेर बसलेल्या दोन बायका उठून दाराकडे सरकल्या. अकरा वर्षं मी तो डबा एका खोल श्वासापुरताही उघडा ठेवला नव्हता; काढायचं, वापरायचं, ओलं तसंच आत घालायचं, कुलूप. डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने टॉवेलचं एक टोक उचललं. त्याचा मूळ रंग कोणता, यावर आमच्या तिघांत एकमत झालं नाही. "आजोबा, हा शेवटचा कधी धुतला?" मी आठवायचा प्रयत्न केला. (घरी आणत नव्हतो, कारण अस्मिताच्या मशीनमध्ये केयूरचे मोजे असतात. दुकानात धुऊ देत नव्हतो, कारण देवाजी.) होळीच्या सुमारास, असं म्हणालो. कोणती होळी, ते त्यांनी विचारलं नाही. मग त्यांनी ब्लेड पाहिलं, आणि मग नाकाचा चिमटा पाहिला, आणि तो त्याच टॉवेलात गुंडाळलेला आहे हे पाहिलं, आणि त्यांनी झाकण लावलं.

घरी येताना रिक्षात मी हिशोब जुळवला. देवाजी इतर प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावतो. प्रत्येकाला धुतलेला टॉवेल देतो, वाळत घातलेले मी रोज पाहतो. त्या अख्ख्या दुकानात घाण दाढी फक्त एका माणसाची व्हायची, आणि ती त्या माणसाच्या हुकमाने व्हायची. डॉक्टरकडे जा, हात लावू नका, असं मला सगळ्यांत आधी ज्याने सांगितलं, त्याला मी गावाबाहेर घालवायला बडग्या केला.

उपचार पूर्ण झाले. सात दिवस गोळ्या, एकही न गाळता (पाचव्या दिवशी बरं वाटलं तेव्हा अस्मिता गोळी आणि पाणी घेऊन समोर उभी राहिली आणि मी गिळेपर्यंत हलली नाही). पाच दिवस नाकात दोनदा मलम, औषधी साबणाने आंघोळ, टॉवेल रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेला. ती चादरी, उशीचे अभ्रे, माझे सदरे सगळं उकळून काढायची. मी मागे उभा राहून बघायचो तेव्हा म्हणाली, "बाबा, काहून एवढं निरखून राहिले? घड्याच घालायच्या आहेत." तेव्हा कळलं की या घरात कपडे खरोखरच एवढे आहेत. जखम भरली आहे. एक रुपयाच्या नाण्याएवढी खूण राहील म्हणतात.

दाढी मात्र आज अठ्ठावीस दिवसांची आहे. पितृपक्ष आहे म्हणून लोक समजतात मी पाळतोय, आणि मी समजू देतो. पण सर्वपित्री अमावस्या उलटली की सबब संपते. बडकस चौकात नवं दुकान निघालं आहे, काचेचं, थंड हवेचं. मी दारापर्यंत गेलो होतो. आतला माणूस हसून या म्हणाला. ओळख नसताना हसतो म्हटल्यावर मी परत फिरलो. खरं सांगायचं तर कारण ते नाही. तुझी भावजय सिंधू गेली तेव्हा दहाव्या दिवशी माझं क्षौर देवाजीने केलं. त्या वेळी एक जागा कापली तर तो ओक्साबोक्शी रडला. कापल्यासाठी रडला नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर रोज सकाळची ती पंधरा मिनिटं, तेवढाच वेळ माझ्याशी कोणी न तपासता बोलायचं आणि मी न तपासता ऐकायचो. सध्या मी सकाळी समोरच्या ओट्यावर उभा राहतो. तो पाहत नाही. आत माझी पाटी अजून लटकते आहे. त्याने ती उतरवली असती तर बरं वाटलं असतं. मंडळातले टवाळ त्याला आता बडग्या म्हणून हाक मारतात. परवा मी एकाला हटकलं, तर तो म्हणाला पाटी तर तुमचीच होती.

मला माफी मागता येत नाही, ताई. चौतीस वर्षं फक्त खुलासे सादर केले. माफीचा नमुना आमच्या कार्यालयात नव्हता. हा खुलासाच समज.

तब्येतीला जप. सुशीलला आशीर्वाद. त्या तेलाचं झाकण बहुतेक ठीक असावं.

तुझा,
दत्तू

ता. क. हे पत्र पोस्टाने पाठवणार होतो, पण पोस्टाचं तू जाणतेसच. कुरियरवाल्याने पत्ता विचारताना नंबरही विचारला, तेव्हा तेही रद्द. बसच्या कंडक्टरकडे द्यावं तर त्याचं नाव मला माहीत नाही. दोन दिवस विचार केला. रामटेकला जाणारा, भरवशाचा, दुसऱ्याचं पत्र न उघडणारा असा या गावात मला एकच माणूस आठवला, आणि तो पितृपक्षात धंदा मंद असतो म्हणून शनिवारी कामिनीकडे निघाला आहे. अस्मिता विचारून आली. तो म्हणाला, पंतांचं काम असतं तर नेलं नसतं, ताईचं पत्र आहे तर नेतो. तेव्हा वर जे लिहिलं आहे, त्याच्या नजरेस पडू नये वगैरे, ते रद्द समज.

ता. क. २. आता खरं काम. माकडांकडून चष्मा परत मिळाला असेल तरी मिळाला नाही असं सांग. देवाजीला ओसरीवर बसव, चहा दे, आणि म्हण की मला दिसत नाही बाबा, तूच वाचून दाखव. तो नाही म्हणेल. तुला त्याने कधी नाही म्हटलेलं नाही, एवढ्यावर माझी सगळी भिस्त आहे. पहिल्यापासून वाचू दे, मधलं काही गाळू देऊ नकोस, टॉवेलाचंही नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवलेलं नाही. सही केलेली नाही.

ता. क. ४. देवाजी, इथवर वाचलं असशील तर आधी पाणी पी. चूक माझी होती. अक्षर माझं होतं आणि जंतूही माझाच होता. अमावस्येनंतर मंडळासमोर हेच मोठ्याने म्हणेन आणि पाटी लिहून तुझ्या दुकानावर लावेन, 'ल' असलेल्या शब्दांत. डबा मोडीत दिला. टॉवेल रोज घरून धुतलेला आणीन आणि रोज परत नेईन. खुर्ची रिकामी असली तर सांग. फक्त ब्लेड माझ्यासमोर नवं काढायचं. हा संशय नाही गा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. हवं तर त्यांना विचार.